दूधवालीची हाडं

प्रिय सायबाई,

पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखलं असशील, आणि पाकीट उघडावं की तसंच कपाटात सारावं यावर थोडा वेळ घालवला असशील. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. पण उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. आता एवढंच कर, शेवटपर्यंत वाच. मला तुझ्याकडून एक गोष्ट हवी आहे. माफी नाही. ती मागायची तर समोर बसून मागेन, टपालानं नाही. तू इकडे यावंस हेसुद्धा या पत्रात मागणार नाही, मनात कितीही असलं तरी. मला जे हवंय त्याला तुझी फार तर एक सकाळ जाईल. पण ते आधीच सांगितलं तर तू म्हणशील, आईनं पुन्हा काहीतरी खूळ काढलं. म्हणून आधी घडलेलं सांगते.

माझ्या मानेचं ऑपरेशन झालं. घाबरू नकोस, गळ्याला पट्टी लावून का होईना, दुकानात गल्ल्यावर बसायला लागले आहे. बाबांनी तुला यातलं काही सांगितलं नसेल, कारण मीच त्यांना तंबी दिली होती. तुमचे ते सुट्टीच्या दिवशीचे फोन चालतात तेव्हा मी आतल्या खोलीत असते. तू विचारतेस, "आई कशी आहे?" आणि ते म्हणतात, "आहे तशीच आहे." तेवढं मला ऐकू येतं. बिचाऱ्यांना खोटं बोलणं कधी जमलं नाही, म्हणून असलं काहीतरी गुळमुळीत बोलून मोकळे होतात. पण आता मी आहे तशी नाही गं. मला बरं वाटतंय, खूप बरं वाटतंय, आणि त्याचा आनंद काही केल्या पुरता घेता येत नाही. बरी झाले तेव्हा घरात तू नव्हतीस, तुझी छकुली नव्हती. होते ते बाबा आणि दुधाचे कॅन.

मुळापासून सांगायचं तर माझ्या हाताच्या प्लास्टरपासून सुरुवात करावी लागेल. तू तान्ह्या छकुलीला घेऊन आमच्याकडे राहायला आलीस, तेव्हा ते प्लास्टर नुकतंच काढलं होतं आणि मी तुला सांगितलं होतं, की जिन्यावरून पडले. मी पडलेच नव्हते. सकाळच्या गर्दीत, गिऱ्हाइकांच्या देखत, मी आपला धाकटा कॅन उचलला, तोही निम्मा रिकामा, आणि मनगटातून काटकी मोडल्यासारखा आवाज आला. कॅन गडगडत गेला, दूध रस्त्यावर. पुढे उभी होती ती कोपऱ्यावरची शिंपीणबाई. तिच्या तोंडून निघून गेलं, "अगं बाई, दूधवालीचंच हाड मोडलं!" वाईट मनाची नाही ती, पण सगळे हसले. आणि हसले ते नेमके त्या भिंतीसमोर, जिच्यावर बाबांनी स्वतःच्या हातानं पहिलवान रंगवला आहे. हातात दुधाचा पेला, एक दंड दुसऱ्यापेक्षा लांब, आणि खाली मोठ्या अक्षरांत, रोज दूध प्या, हाडं घट्ट ठेवा. बाबांचा चेहरा पाहवेना. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी मिळून जिना शोधून काढला आणि विचारेल त्याला जिनाच सांगत राहिलो. तुलाही.

प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. आता शेजारच्या औषधवाल्याकडे दूधवाल्याच्या बायकोनं कॅल्शियमच्या गोळ्या मागायच्या म्हणजे काय झालं असतं, तूच सांग. गिऱ्हाइकांनी विचारलंच असतं, मग तुमच्या दुधात आहे तरी काय, नुसतं पाणी? म्हणून बाबा बसनं शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जायचे, चोरीचा माल आणावा तशा गोळ्या आणायचे आणि लोण्याच्या रिकाम्या डब्यात लपवायचे. मी त्या घ्यायचे आणि वर दूधही प्यायचे. आपल्या घरात दुसरं औषध होतं कुठे? ताप आला दूध, झोप येईना दूध, तुझी परीक्षा आली दूध. तू नाक मुरडायचीस आणि फक्त साय तेवढी बोटानं उचलून पळायचीस, म्हणून तर सायबाई हे नाव पडलं. मी नाक न मुरडता सगळं पीत राहिले आणि अंग काही दुखायचं थांबेना.

दुखणं तरी कसं, बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. हाडंच दुखतात असं म्हटलं की लोक म्हणायचे, वय झालं. तहान इतकी, की तांब्या उशाशी घेऊन झोपायचे. पोट साफ नाही. सकाळी उठतानाच दमलेली. काही लक्षात राहायचं नाही, आणि लक्षात राहत नाही हे कुणी दाखवून दिलं की अंगाची नुसती लाही व्हायची. भांडं पडलं तरी भांडण. बाबांनी माझ्याशी बोलताना आधी माझ्या तोंडाकडे पाहायचं आणि मग ठरवायचं, बोलावं की नाही, असं सुरू केलं होतं. मला ते कळत होतं. कळूनही आवरत नव्हतं, आणि नंतर आत जाऊन रडत बसायचे ते वेगळंच. असं सगळं चाललेलं असताना तू आलीस, छकुलीला घेऊन.

आता जे लिहिते ते तुला ठाऊक नाही. तुला वाटलं, मी तुझ्या लेकीला उचलून घेतलं नाही. खरंच नाही घेतलं. तू आंघोळीला गेली होतीस आणि ती उठून रडायला लागली. मी तिच्याखाली दोन्ही हात घातले, उचलायला लागले आणि मनगट थरथरलं. त्या क्षणी मला कॅन आठवला. मी तिला तशीच खाली ठेवली. मग पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले आणि पायानं गादी हलवत राहिले, झोप माझ्या बाळा, झोप माझ्या बाळा, असं म्हणत. ती शांतही झाली होती. तेवढ्यात तू बाहेर आलीस, ओल्या केसांनी, आणि आजी पायानं नातीला हलवतेय हे पाहिलंस. तुझा चेहरा कसा उतरला ते मी विसरणार नाही. तेव्हा सांगायला हवं होतं, अगं, माझ्या हातांचा भरवसा नाही, जिना खोटा आहे. पण बाबांच्या पहिलवानाची लाज राखायची होती ना. 

मग ती दह्याची सकाळ. उपाहारगृहाची मोठी मागणी होती, आदल्या संध्याकाळी दूध कोमट करून पातेली झाकून ठेवली आणि विरजण लावायलाच विसरले. सगळी हयात दही लावण्यात गेली आणि विरजण विसरले! सकाळी झाकण काढलं तर दूध, तेही नासलेलं. खापर कुणावर तरी फोडायचं होतं, तू समोर होतीस. तुझ्या रडक्या पोरीनं माझं डोकं खाल्लंय, घेऊन जा तिला, असं मी गिऱ्हाइकांसमोर ओरडले. तू ओरडली नाहीस. एवढंच म्हणालीस, "एकदा तरी तिला जवळ घेतलं असतंस." आणि दुपारच्या गाडीनं गेलीस. बाबा तुला सोडायला आले. मी दुकानात बसून पातेली घासत होते, हात दुखत होते तरी घासत होते, आणि मनात एकच, बरं झालं गेली, आता शांतता मिळेल. शांतता मिळाली ती अजून चालूच आहे.

त्यानंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. पाठीला बाक आला, उंची कमी झाली. वरच्या फळीवरचा डबा आता मला स्टुलावर चढून काढावा लागतो. मग एकदा कुशीतून अशी कळ आली, की बाबांनी दुकान तसंच उघडं टाकून मला दवाखान्यात नेलं. मूतखडा निघाला. खड्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्यात कॅल्शियम जास्त निघालं. म्हणजे बघ, उत्तर त्या दिवशी टेबलावर होतं, सगळ्यांच्या समोर. डॉक्टर म्हणाले, "हे का बरं वाढलं? तुम्ही करता काय?" बाबा म्हणाले, "दुधाचं दुकान आहे." डॉक्टर खळखळून हसले, "मग बरोबर आहे! घरचंच दूध, हात आखडता कशाला घ्याल?" आम्हीही हसलो. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत त्यांनी डोकं खाजवलं असतं. माझं दुकान होतं म्हणून पुढे विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. आम्हाला तर नाहीच नाही. उलट बाबांना मनातून थोडं बरंच वाटलं असणार, की आपलं दूध एवढं कसदार आहे.

मग दूध बंद, गोळ्या बंद. आयुष्यात पहिल्यांदा बाबांनी माझ्या हातातून पेला काढून घेतला, आणि कसे दिसत होते म्हणून सांगू, जशी काही गुन्हेगाराच्या हातातून सुरीच काढून घेतली. पुढच्या तपासणीला कॅल्शियम तेवढंच. डॉक्टर म्हणाले, चोरून पीत असाल. बाबा रात्रंदिवस माझ्यावर पहारा ठेवायला लागले आणि त्यावरून आमची जुंपायची. असा अख्खा हिवाळा गेला. हिवाळ्याच्या शेवटी मला शिंक आली आणि बरगडी मोडली. हसू नकोस. हसलीस तरी चालेल, मी स्वतःही हसले होते आणि हसताना आणखी दुखलं.

या वेळी गाठ पडली ती एका नव्या डॉक्टरीणबाईंशी, वयानं तुझ्याएवढ्याच असतील. बरगडीला हातही लावायच्या आधी त्यांनी विचारलं, तहान लागते का, विसरायला होतं का, राग येतो का. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "राग? ते विचारूच नका." बाई हसल्या नाहीत. जुने रिपोर्ट पाहिले आणि म्हणाल्या, दूध प्यायल्यानं असं रक्तातलं कॅल्शियम चढून बसत नाही, दूध बंद केल्यावरही ते उतरलं नाही तेव्हाच कुणीतरी मान तपासायला हवी होती. मला वाटलं, हाडं दुखतात तर मान कशाला? तर आपल्या मानेत, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीच्या मागे, मसुरीच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात म्हणे. कॅल्शियम काही फक्त हाडांसाठी नसतं. हृदय चालायला, स्नायू हलायला, डोकं ठिकाणावर राहायला रक्तात ते ठरलेल्या मापात लागतं, आणि ते माप राखणं हे या दाण्यांचं काम. रक्तात कमी पडलं की हाडांतून काढून आणायचं, पुरेसं झालं की थांबायचं. माझे दाणे थांबायलाच विसरले होते.

हे मला कसं पटलं सांगू? आपल्या दूध गार करायच्या चिलरचा, यंत्र वेळेवर थांबवणारा थर्मोस्टॅट एका उन्हाळ्यात अडकला होता, आठवतं? दूध गोठून दगड झालं तरी यंत्र आपलं घरघरतंय, अजून गार करा, अजून गार करा. अगदी तसंच माझ्या मानेत चाललं होतं. रक्तात कॅल्शियम मावत नव्हतं, मूत्रपिंडात त्याचे खडे होत होते, आणि तरी हाडांना हुकूम सुटत होते, आणखी द्या. हाडं देत राहिली. आम्ही बाहेरून दूध ओतत होतो आणि गोळ्या घालत होतो, त्यातलं एवढंसंही हाडांत टिकत नव्हतं. आणि रक्तात साठलेल्या त्याच कॅल्शियममुळे तो थकवा, ती तहान, ती विसराळू चिडचिड. बाई हे सगळं कागदावर चित्र काढून सांगत होत्या, आणि मला दिसत होती तू, दुपारच्या गाडीला निघालेली.

ऑपरेशन करून बिघडलेले दाणे काढून टाकले, त्यानंतर एक गंमत झाली. ओठांना आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या. बाई म्हणाल्या, हाडं उपाशी होती, आता हुकूम थांबला तशी ती अधाशासारखं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतायत, म्हणून लगेच गोळ्या सुरू करा. त्याच गोळ्या! बाबांनी त्यांना तीन-तीनदा विचारलं, "नक्की ना? आता द्यायच्या ना?" आणि या वेळी शेजारच्या औषधवाल्याकडून, भर दिवसा, सगळ्यांच्या देखत घेऊन आले. पुढच्या आठवड्यात मी कॅन विसळत होते, तर बाबा दुकानातून आत आले आणि इकडेतिकडे पाहायला लागले. म्हटलं, काय हवंय? म्हणाले, रेडिओ चालू राहिलाय वाटतं. रेडिओ बंद होता. मी गुणगुणत होते. बाबा तिथेच पायरीवर बसले आणि डोळे पुसायला लागले, आणि मग मीही ओल्या हातानं त्यांच्या शेजारी बसले. किती वर्षं घालवली गं आम्ही. हाडं थोडी भरून येतील असं बाई म्हणतात. गेलेली उंची येणार नाही. छकुलीचं रांगणं, तिचा पहिला दात, तिची पहिली शाळा, यातलं काहीही येणार नाही. याचं जे वाटतं ते मला लिहिता येत नाही.

बाबांना मात्र भलताच हुरूप आला. फोन करून तिला सांगतो म्हणाले, की तेव्हा ओरडली ती तुझी आई नव्हतीच, ती त्या ग्रंथींची करणी होती. मी नको म्हटलं. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं होतं, या रागात माझा किती आणि ग्रंथींचा किती? त्या म्हणाल्या, असं वेगळं काढून दाखवता येत नाही, पुष्कळसं आजारानं झालं असेल एवढंच सांगते. मग मी कुठल्या तोंडानं सांगू, की मी नव्हतेच? थकवा ग्रंथींचा असेल, पण शब्द कुणी मानेतून काढून माझ्या जिभेवर ठेवले नव्हते. आणि ती मी नव्हते असं म्हणायचं, तर गादी हलवत झोप माझ्या बाळा म्हणत होती ती तरी कोण? तीही मीच होते. म्हणून तुला माझ्यावर रागवायचं असेल तर खुशाल रागव. तो हक्क मी रिपोर्ट दाखवून काढून घेणार नाही. पत्र लिहायचंच नाही असंही मी ठरवलं होतं, आणि ते पाळलंही असतं.

पण मागच्या फोननंतर बाबा हसत हसत आत आले. म्हणाले, लेक अगदी तुझ्यावर गेली. सारखी दमलेली असते म्हणे, पाण्याची बाटली हातातून सुटत नाही, मध्ये कुशीत कळ येऊन गेली ती तिनं अंगावर काढली, आणि छकुलीला शाळेतून आणायचंच विसरली, वर तिच्यावरच ओरडली. बाबांना त्यात मायलेकींचं साम्य दिसलं. मला हसू आलं नाही. ऑपरेशनमध्ये माझ्या चारपैकी एक नाही, दोन ग्रंथी वाढलेल्या निघाल्या, आणि तेव्हाच बाईंनी विचारलं होतं, तुमच्या आईला असं काही होतं का. तुझी आजी खड्यांनी तळमळायची, पार वाकली होती आणि तिच्या तोंडाला सगळं घर भ्यायचं. आम्ही त्याला तिचा स्वभाव म्हणायचो. बाई म्हणाल्या, हे घरात चालत आलेलं असू शकतं, मुलीचं रक्त तपासून घ्या. मला एवढंच हवंय, सायबाई. उद्या सकाळी जा आणि रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइडचं हार्मोन, दोन्ही तपासून घे, आणि मला नको, बाबांना कळव. काही निघालं नाही तर उत्तमच, मग तू आपली चारचौघींसारखी वैतागलेली आई आहेस. पण जास्त निघालं, तर कुणी काहीही कारण सांगून हसण्यावारी नेलं तरी ऐकू नकोस, ज्याला ग्रंथी कळतात अशा डॉक्टरकडे जा. छकुली आत्ता कुठेतरी दाराआड उभी राहून तुझ्या तोंडाकडे पाहत असेल आणि ठरवत असेल, बोलावं की नाही. तुला तुझी आई मिळायला फार उशीर झाला. तिला होऊ देऊ नकोस.

तुझीच,
आई